गोळी थांबवली तर विश्वास दिसेल का?

वाचकांचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरे
(सदरलेखिका मिशन हॉस्पिटलात परिचारिका आणि पुढे मेट्रन होत्या. निवृत्तीनंतर मंडळीच्या संडेस्कूलचे काम पाहतात.)

प्रश्न : सिस्टर, सलाम. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. लहानपणापासून तिला फिट येतात. सरकारी दवाखान्यातून दोन वेळच्या गोळ्या चालू आहेत आणि गेले वर्षभर एकही फिट आलेली नाही. आमच्याकडे शुक्रवारी घरोघरी प्रार्थनासभा होते. तिथले बंधू म्हणतात, हा मार्काच्या ९व्या अध्यायातला आत्मा आहे, तो फक्त प्रार्थनेने निघतो, आणि गोळी चालू आहे तोवर तुमचा विश्वास गोळीवर आहे, देवावर नाही. आसा राजा वैद्यांच्या मागे लागला आणि मेला, हेही त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. मुलीचे वडील म्हणतात, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असे इब्री लोकांस पत्रात लिहिले आहे, तेव्हा येत्या शुक्रवारपासून गोळी बंद. मला भीती वाटते. ही भीती म्हणजेच अविश्वास का?
— एक आई, जालना जिल्हा

उत्तर : ताई, शास्त्राचे नंतर बोलू. आज रात्रीची गोळी मुलीला द्या. उद्या सकाळचीही द्या. फिटची गोळी एकदम तोडली की फिट पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकते, एकामागून एक येऊ शकते, आणि मधे शुद्ध न येता तशीच चालू राहिली तर जिवावर बेतते. गोळी कधीच बंद होत नाही असे नाही. साधारण दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ फिट आली नाही, की डॉक्टर तपासून ठरवतात आणि मग हळूहळू, काही महिन्यांत, डोस कमी करत आणतात. ते काम त्यांचे. शुक्रवारच्या सभेचे नाही, तुमच्या यजमानांचे नाही आणि माझेही नाही.

आता मार्क ९. बंधूंनी तो अध्याय उघडला हे बरेच केले, फक्त पूर्ण वाचला असता तर आणखी बरे झाले असते. त्यातल्या मुलाची लक्षणे पाहा : जमिनीवर पडतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, अंग ताठ होते. वॉर्डात अशी मुले आली की आम्ही नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारायचो, कधीपासून होते हे? प्रभूनेही त्या बापाला नेमके हेच विचारले. २१वे वचन. उपदेश नाही, विश्वासाची परीक्षा नाही, आधी विचारपूस. बाप सांगतो, बाळपणापासून, आणि पुष्कळदा ह्याला विस्तवात आणि पाण्यात पाडले आहे. हे वाक्य मी कित्येक आयांच्या तोंडून ऐकले आहे, जवळपास ह्याच शब्दांत. चुलीवर पडून हात भाजलेली पोर, विहिरीवर पाणी शेंदताना तोल गेलेली पोर. दोन हजार वर्षांत चूल आणि विहीर काही बदलली नाही.

मग तो बाप म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. ‘असेल तर’! एवढा अर्धवट विश्वास घेऊन तो आला होता. प्रभू त्याला तिथे टोकतो, हे खरे. त्यावर बाप रडून ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. हे एका श्वासातले वाक्य आहे आणि त्यात दोन्ही गोष्टी आहेत. प्रभूने त्याला परत पाठवले नाही. आधी अविश्वास घालवून ये, मग पोराकडे बघतो, असे म्हटले नाही. मुलगा बरा झाला. तुमच्या भीतीचे उत्तर ह्याच बापापाशी आहे. तो घाबरलेलाच होता.

आणि ‘ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? गर्दी पांगल्यावर, घरात, शिष्य खाजगीत विचारतात की आम्हाला का जमले नाही, त्यांना. ज्यांनी प्रयत्न केला आणि ज्यांच्या हातून झाले नाही, त्यांना प्रभू म्हणतो की तुम्ही प्रार्थना करा. पोराला काही सोडायला सांगितले नाही, बापालाही नाही. तेव्हा बंधूंनी प्रार्थना करावी, उपास करावा, रात्र रात्र गुडघ्यावर राहावे. त्यांचा विश्वास त्यांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन दाखवावा. चौदा वर्षांच्या मुलीच्या मेंदूवर दाखवू नये.

आसाची गोष्ट २ इतिहासाच्या १६व्या अध्यायात आहे. कारकिर्दीच्या ३९व्या वर्षी त्याचे पाय दुखू लागले आणि त्याने परमेश्वराला विचारले नाही, फक्त वैद्यांना विचारले, असे लिहिले आहे. पण अध्याय तिथे सुरू होत नाही. सुरुवातीला आसा मंदिरातले सोनेरुपे काढून अरामाच्या राजाला देतो, आपल्या बाजूने लढ म्हणून. हनानी द्रष्टा येऊन त्याला बोलतो, तर आसा त्यालाच तुरुंगात टाकतो आणि लोकांना छळतो. देवाला विचारायचेच नाही, ही त्याची जुनी खोड झाली होती. पायाच्या दुखण्यात ती पुन्हा दिसली एवढेच. आता त्याच्या जोडीला हिज्कीया ठेवा, २ राजे २०. हिज्कीया राजा मरणोन्मुख आहे, तो रडून प्रार्थना करतो, यशया संदेष्टा परत येऊन सांगतो की परमेश्वराने तुझे ऐकले, तुझ्या आयुष्यात १५ वर्षे वाढवली आहेत. वचन मिळाले. आता काही करायची गरज नाही ना? तर लगेच पुढच्याच ओळींत तोच यशया म्हणतो, अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. ज्याच्या तोंडून देवाचे वचन आले त्यानेच लेप सांगितला. लूक वैद्य होता हे कलस्सैकरांस पत्रात आहे, आणि पौलासारखा माणूस तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, विश्वास वाढव म्हणून सांगत नाही.

आपल्या मराठी मंडळ्यांना तरी हे नव्याने सांगायला नको. मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केले ते प्रार्थना येत नव्हती म्हणून नव्हे. आमच्या वॉर्डात सकाळी आधी एक गीत, एक वचन, प्रार्थना, आणि मग गोळ्यांची ट्रॉली फिरायची. कोणाला त्यात विसंगती दिसली नाही. ज्या घरांतल्या तीन पिढ्या नर्सिंगवर जगल्या त्याच घरांत आज गोळीला अविश्वास म्हणतात, ह्याचे मला फार वाईट वाटते. असो.

बंधूंना दाखवायचेच असेल तर मत्तयाचा ४था अध्याय दाखवा. सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील असे लिहिलेच आहे. तोही वचनच दाखवत होता, आणि स्तोत्र ९१ मधले ते वचन खरेच होते. प्रभू म्हणाला, परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. गोळी बंद करून देव काय करतो ते बघणे ही तीच उडी आहे, फरक एवढाच की उडी दुसऱ्यांनी सांगायची आणि टाकायची मुलीने.

इब्री १३:१७ तुमच्या यजमानांना पूर्ण वाचून दाखवा. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, कारण आपल्याला हिशेब द्यावयाचा आहे हे समजून ते तुमच्या जिवांची राखण करतात. राखण आणि हिशेब, दोन्ही तिथे आहे. बंधूंना सरळ विचारा : गोळी तुमच्या सांगण्यावरून बंद केली आणि मुलीला काही झाले, तर हिशेब कोण देणार? लेखी द्याल का? मला वाटते गोळीचा विषय तिथेच संपेल.

एक कामाचे सांगते, कारण खेड्यात अजून कांदा हुंगवतात आणि चप्पल नाकाशी धरतात. फिट आली तर मुलीला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आसपासची भांडी-दगड हलवा. दातखीळ उघडायला चमचा किंवा बोट घालू नका. तोंडात पाणी घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली तर गाडी काढा, १०८ला फोन करा. मुलगी एकटी विहिरीवर किंवा तळ्यावर जाणार नाही आणि चुलीशी एकटी बसणार नाही, एवढे पाहा. आणि हो, तिच्याशीही बोला. शुक्रवारी तिच्या अंगात काहीतरी आहे असे चारचौघांत बोलले जाते तेव्हा ती तिथेच बसलेली असते ना? चौदाव्या वर्षी हे ऐकून पोर काय समजत असेल, ते तुमच्या पत्रात कुठे नाही.

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत नोकरी करते. आमच्या रात्रीच्या प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सर्वांसमोर सांगितले की प्रभूने त्यांना दृष्टान्त दिला आहे, माझे लग्न आमच्याच मंडळीतल्या अमुक पंचांच्या मुलाशी ठरलेले आहे. आईपप्पा आनंदात आहेत. मला तो मुलगा पसंत नाही. मी नाही म्हटले तर आई म्हणते, तू आमची नाही, देवाची आज्ञा मोडतेस. मी देवाची आज्ञा मोडते आहे का?
— एक मुलगी, वय २६

उत्तर : नाही.

आता कारण. १ राजे, १३वा अध्याय वाच. संडेस्कूलमध्ये हा आम्ही सहसा शिकवत नाही, कारण त्यात सिंह माणसाला मारतो आणि मुले रात्री घाबरतात. पण मोठ्यांना शिकवायला हवा. यहूदातून देवाचा एक माणूस बेथेलला येतो. देवाने त्याला स्पष्ट सांगितले आहे, तिथे जेवू नको, पाणी पिऊ नको, आलास त्या वाटेने परत जाऊ नको. यराबाम राजा त्याला घरी बोलावतो, तो जात नाही. राजाला नाही म्हणतो! मग बेथेलमधला एक म्हातारा संदेष्टा गाढवावर बसून त्याच्या मागे येतो. देवाचा माणूस एला झाडाखाली बसलेला सापडतो. म्हातारा म्हणतो, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितले की तुला घरी नेऊन जेवू घालावे. आणि पुढे चार शब्दांत लिहिले आहे की तो त्याच्याशी खोटे बोलला. हा माणूस जातो, जेवतो, आणि परतताना वाटेत सिंह त्याला मारतो.

म्हातारा सिंहाच्या तोंडी गेला नाही, ही गोष्ट मला अजून टोचते. उलट तो त्याला आपल्याच थडग्यात पुरतो आणि ‘हाय रे माझ्या भावा’ म्हणून रडतो. त्या रडण्याचे काय करायचे हे मला कळलेले नाही. पण एक गोष्ट गोष्टीत लख्ख आहे. ज्याला देवाचा शब्द स्वतःला मिळाला होता, त्याने दुसऱ्याच्या ‘मला देवदूताने सांगितले’ ह्या बोलण्यावर तो सोडला. म्हाताऱ्याचे वय, त्याचे संदेष्टेपण, त्याने घेतलेले देवदूताचे नाव, ह्यांपैकी काहीच त्याच्या कामी आले नाही.

आमच्याकडे रात्री डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर ती ऐकणारी नर्स औषधाचे नाव, डोस, पेशंट, सगळे त्यांना पुन्हा वाचून दाखवायची, कागदावर उतरवायची, आणि सकाळी डॉक्टरांनी येऊन त्यावर सही करायची. डॉक्टर देवमाणूस असला तरी. ‘दुसऱ्या वॉर्डच्या वॉर्डबॉयने सांगितले की डॉक्टर म्हणालेत’ एवढ्यावर मी कोणाला इंजेक्शन टोचू दिले नाही. तुझ्या बाबतीत तर आयुष्यभराचा डोस आहे.

पौल करिंथकरांना लिहितो की संदेष्ट्यांनी दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी. थेस्सलनीकाकरांना लिहितो, संदेशांचा तिरस्कार करू नका, आणि लगेच, सगळ्यांची पारख करा. बिरुयातले लोक पौल सांगतो ते तसेच आहे का हे रोज शास्त्रात पडताळून पाहत. त्यांना प्रेषितांच्या कृत्यांत उद्धट म्हटलेले नाही, मोठ्या मनाचे म्हटले आहे. तुमच्या सभेत त्या रात्री पारख कोणी केली? पंचांनी? त्यांच्यातल्याच एकाच्या घरचे लग्न होते.

आईला उत्पत्ती २४ वाचून दाखव. इसहाक-रिबकेच्या लग्नाइतके देवाने ठरवलेले लग्न पवित्र शास्त्रात दुसरे सापडणार नाही. अब्राहामाच्या कारभाऱ्याने विहिरीपाशी खूण मागितली, ती मिळाली. रिबकेचा भाऊ लाबान आणि बाप बथुवेल म्हणाले, ही गोष्ट परमेश्वराकडून आली, आम्ही बरेवाईट काय बोलणार? त्यांनी शब्दही देऊन टाकला. आणि तरी दुसऱ्या दिवशी, कारभारी आजच निघतो म्हणाला तेव्हा, घरचे म्हणाले की मुलीला बोलावून तिच्याच तोंडून ऐकू. तू ह्या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणाली, जाते. आता कोणी म्हणेल की तो प्रश्न निघण्याच्या दिवसापुरता होता, लग्न आधीच ठरले होते. बरोबर आहे. पण तेवढ्यापुरता का होईना, चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात मुलीला विचारले. तुमच्या घरात अजून विचारायचे आहे.

इफिसकरांस पत्रातले ‘आईबापांच्या आज्ञेत राहा’ आई काढेलच. त्याच परिच्छेदात चौथ्या वचनात बापांना सांगितले आहे, मुलांना चिरडीस आणू नका. आणि ‘प्रभूमध्ये’ हा शब्द पहिल्या वचनात आहे, तो उगाच नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण सगळे घेतो, केडगावच्या मुक्ती मिशनला सहली नेतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डाईनबरोबर त्यांचा पत्रव्यवहार झाला तो वाचण्यासारखा आहे. चर्चची शिकवण निमूट मान्य कर, वाद घालू नकोस, असा त्यांच्यावर दबाव होता. रमाबाईंनी १८८५ साली कळवले की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरूंच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधील नाही; भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता दुसरे तसलेच जू घेणार नाही. ज्यांनी त्यांना आसरा दिला, शिकवले, त्यांना हे लिहिले. आणि हीच बाई पुढे दुष्काळात शेकडो मुली केडगावला घेऊन आली, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि ते काम करता करताच १९२२ साली गेली. देवाची आज्ञा हिने मानली नाही असे तुझ्या मंडळीत कोणी म्हणून दाखवावे.

त्या मुलाशी एकदा स्वतः बोल. त्यालाही कोणी विचारले नसेल.

प्रश्न : शब्बाथ शाळेत मी अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून मुलगा इसहाक ह्याला बळी द्यायला नेतो, हा धडा घेतला. एका सात वर्षांच्या मुलाने उभे राहून विचारले, देवाने सांगितले तर माझे पप्पा मला मारतील का? मी ‘तसे काही होणार नाही’ म्हणून पुढचा धडा घेतला. काय सांगायला हवे होते?
— निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर

उत्तर : गुरुजी, मुलाला उत्तर ‘नाही’ हेच, पण ठासून. देव असे सांगत नाही, आणि कोणी म्हणाले की देवाने सांगितले, तर ते देवाने सांगितलेले नाही. यिर्मयाच्या ७व्या अध्यायात परमेश्वर स्वतः म्हणतो की मुले अग्नीत जाळायची आज्ञा मी दिली नव्हती, ते माझ्या मनातही आले नव्हते. लेवीय पुस्तकात मोलख दैवताला मूल देणाऱ्याला देहान्त शिक्षा आहे. मीखाच्या ६व्या अध्यायात कोणी विचारतो, माझ्या पापाबद्दल ज्येष्ठ पुत्र देऊ का? उत्तर येते : न्यायाने वाग, दयेची आवड धर, नम्रपणे चाल. मुलाला ही तीन ठिकाणे सांगायची गरज नाही, पण तुमच्या पाठीशी ती असू द्या, म्हणजे आवाज कापणार नाही.

आता मोठ्यांपुरते. हा अध्याय, उत्पत्ती २२, मी आजवर पुष्कळदा ऐकला, आणि प्रत्येक उपदेशक मोरियाच्या डोंगरावर घाईने चढतो. मी चढत नाही. तीन दिवसांची चाल आहे ती. लाकडे पोराच्या पाठीवर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. पोर विचारते, बाबा, विस्तव आहे, लाकडे आहेत, कोकरू कुठे? हा प्रश्न तुमच्या वर्गातल्या मुलाचाच आहे. अब्राहामाने ‘देव पाहून देईल’ म्हटले. काही लोक ह्याला महान विश्वास म्हणतात, इब्री ११ मध्ये तसेच आहे, देव मेलेल्यातून उठवू शकतो असे त्याने मानले. मी ते मानते. तरी मला विचारावेसे वाटते, सदोमाच्या परक्या लोकांना वाचवायला पन्नास नीतिमानांवरून दहावर येईपर्यंत देवाशी घासाघीस करणारा हा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्द का बोलत नाही? आणि पोराच्या आईला, साराला, कोणी सांगितले होते का? २२व्या अध्यायात तिचे नावही नाही, आणि २३व्याच्या पहिल्या ओळींत ती १२७ वर्षांची होऊन मरते. शास्त्र ह्या दोन गोष्टी जोडत नाही. मीही जोडत नाही. पण शेजारी शेजारी आहेत.

शेजारच्या राष्ट्रांत देवाला पहिले मूल देण्याची चाल होती, हे शास्त्रातच जागोजागी दिसते. त्या मुलखात राहणाऱ्या म्हाताऱ्याला ‘मुलगा दे’ ही हाक ऐकू येणे नवल नव्हते. नवल होते ते सुरा उचलल्यावर आलेल्या दुसऱ्या हाकेचे : मुलावर हात टाकू नको. ती ऐकायलाही कान उघडे लागतात. हात वर गेलेला असताना, तीन दिवस मन घट्ट करून आलेला असताना, लोक दुसरी आज्ञा ऐकत नाहीत. पहिलीच पुरी करतात आणि त्यालाच निष्ठा म्हणतात. अब्राहाम थांबला. माझ्या लेखी त्याचे आज्ञापालन तिथे आहे. तुमच्या पाळकसाहेबांना हे पटणार नाही कदाचित. त्यांनी जरूर लिहावे.

त्या मुलाकडे पुढच्या रविवारी परत जा. ‘तू मागे विचारले होतेस’ म्हणून त्याच्याशी बोला. घरी पप्पा मारतात का, हेही हळूच पाहा. सात वर्षांची मुले असे प्रश्न कधी कधी धड्यावरून विचारत नाहीत.

प्रश्न : मी गेल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. पत्नी उपासनेला येत नाही, घरात आपली देवपूजा करते. पत्नीने पतीच्या अधीन असावे असे वचन आहे. मी तिला आज्ञा करावी का?
— एक बंधू, संगमनेर तालुका

उत्तर : अधीनतेचे वचन तुमच्या पत्नीला लिहिलेले आहे, ते तिने वाचले तर तिचे ती पाहील. तुम्हाला लिहिलेले त्याच्या खाली आहे : ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून स्वतःला दिले तशी प्रीती करा. आणि तुमच्याच प्रसंगासाठी पौलाने १ करिंथ ७ मध्ये वेगळे लिहिले आहे. बायको विश्वास ठेवत नसेल आणि तुमच्याबरोबर नांदायला राजी असेल तर तिला सोडू नका. तिला आज्ञा करा, असे तिथे नाही.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला झाला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, आणि बातमीने त्यांचे काय झाले ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवलेले नाही. पुढे काही वर्षे ताटातूट झाली. नंतर एकत्र आल्या त्याही आपले सोवळे घेऊनच, आणि टिळकांनी ते चालवून घेतले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी. टिळकांनी हुकूम सोडला असता तर काय झाले असते? लक्ष्मीबाईंचा स्वभाव ज्याने वाचला आहे त्याने अंदाज करावा.

तिचे देव हलवू नका. सकाळी तिच्याआधी उठून पाणी भरा.

प्रश्न : दोन महिने पगार झालेला नाही. दशमांश दिला नाही तर देवाला लुटल्यासारखे होते, असे सभेत सांगितले. उसने काढून द्यावा का?
— एक कामगार, सोलापूर

उत्तर : उसने काढू नका. पगार नाही तर दहावा भाग कशाचा? देवाला लुटण्याचे मलाखीचे वचन खरे आहे, पण पौलाचे २ करिंथ ८:१२ ही खरे आहे : उत्सुकता असेल तर ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होते, नाही त्याप्रमाणे नव्हे. आणि मार्क ७ मध्ये प्रभूने त्यांनाच झापले आहे, जे ‘हे देवाला वाहिले’ म्हणून आईबापांना द्यायचे टाळत. आधी घरचे रेशन, मुलांची फी, आईचे औषध.

पगार सुरू झाला की आनंदाने द्या, आणि पावती मागा. पावती मागितली तर बंधूंना राग येतो, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. त्यांना २ करिंथ ८चेच २०वे आणि २१वे वचन दाखवा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमलेली वर्गणी पौलाने एकट्याने नेली नाही; मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, ह्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून.